रिकाम्या जागा कोण भरतो? : अलंकार, वक्रोक्ती आणि ‘करण्यात आले’

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)

मागच्या वेळी आपण वृत्तं आणि छंद यांच्याबद्दल बोललो. जाताना काही जणांनी सुचवलं की आता अलंकारांवर बोला. आम्ही हो म्हणालो आणि घरी जाऊन थोडे घाबरलो. कारण अलंकार म्हटलं की समोर बसलेल्या प्रत्येकाला एकच वाक्य आठवतं : ‘खालील ओळींतील अलंकार ओळखा.’ गुण दोन. (हशा)

ते दोन गुण आपण सगळ्यांनी मिळवलेले आहेत. ‘सारखा’, ‘जसा’, ‘परी’, ‘गत’ दिसलं की उपमा. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. दोन्ही एकच आहेत असं म्हटलं की रूपक. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. आमच्या शाळेत ही खुणांची यादी फळ्यावर लिहून दिली जायची. आणि गंमत अशी, की ओळीचा अर्थ अजिबात न कळता उत्तर बरोबर यायचं. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द, चारही लिहिले की पूर्ण गुण. कवीला ती तुलना का करावीशी वाटली, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही.

आज आपण नावांची उजळणी करणार नाही. त्याच प्रश्नपत्रिकेतला दुसरा एक प्रश्न उसना घेणार आहोत : ‘रिकाम्या जागा भरा.’ आम्हाला असं वाटतं, की कुठलाही अलंकार, कुठलीही बोलण्याची खुबी म्हणजे वाक्यात मुद्दाम सोडलेली एक रिकामी जागा असते. ती जागा कुठे आहे आणि ती कोणी भरायची आहे, हे कळलं की लेखन कळायला लागतं.

आधी परंपरेकडे थोडं बघू. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार किती? चार. उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढे भामह आले, दंडी आले, प्रत्येकाने भर घातली. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंद’पर्यंत येतो तेव्हा ही संख्या शंभराच्या वर गेलेली असते. म्हणजे वर्गीकरणाचा सोस आपल्या शिक्षकांपासून सुरू झाला असं समजू नका, तो फार जुना आहे. (हशा) पण त्याच परंपरेत नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन होऊन गेला. त्याने ‘ध्वन्यालोक’मध्ये वेगळीच गोष्ट पुढे आणली. शब्दाने सरळ सांगितलेला अर्थ आणि त्यातून सुचणारा अर्थ हे वेगळे आहेत, आणि काव्याचा जीव त्या सुचणाऱ्या अर्थात आहे, असं त्याचं म्हणणं.

शास्त्रकारांचं एक ठरलेलं उदाहरण आहे. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे.’ आता वस्ती पाण्यावर कशी असेल? म्हणून ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्ती करतो : गंगेच्या काठावर. हा लक्ष्यार्थ. पण मग ‘काठावर’ असंच का नाही म्हटलं? कारण ‘गंगेवर’ म्हटल्याने तिथला गारवा, तिथलं पावित्र्य वस्तीला चिकटतं. हा व्यंग्यार्थ. आपणही रोज म्हणतो, ‘बाई नदीवर धुणं घेऊन गेल्या.’ कोणी विचारत नाही की नदीच्या वर म्हणजे कुठे.

इथे काम कोण करतंय ते बघा. बोलणाऱ्याने चारच शब्द टाकले. बाकीचं सगळं ऐकणाऱ्याने भरलं. आणि जे आपण स्वतः भरतो ते आपल्याला आपलंच वाटतं. समोरच्याने ‘तिथे गारवा आहे, पावित्र्य आहे’ असं सांगितलं असतं तर आपण मान डोलावून विसरलो असतो, कदाचित वादही घातला असता. स्वतः भरलेल्या अर्थाशी माणूस सहसा भांडत नाही. खुबीची ताकद इथे आहे, आणि पुढे आपण बघू, धोकाही इथेच आहे.

आता वक्रोक्तीकडे वळू. कुंतकाने हा शब्द फार व्यापक अर्थाने घेतला, सगळ्या काव्याचा प्राणच त्यात पाहिला. आपल्याला आज त्याचा लहान, घरगुती अर्थ पुरेसा आहे : म्हणायचं एक, शब्द दुसरे. रात्री अकराला घरी आलेल्या मुलाला आई म्हणते, ‘आलास? इतक्या लवकर?’ हे वाक्य कागदावर लिहून परक्या माणसाला दिलं, तर त्याला वाटेल बाईंना आनंद झालाय. मुलाला मात्र काय ते कळतं, कारण त्याने आवाज ऐकलेला असतो. शास्त्रात आवाजाच्या या चढउताराला ‘काकु’ असा शब्द आहे. (काकूंचा काही संबंध नाही, पण अनुभवाने संबंध जोडायला हरकत नाही.) (हशा)

अडचण अशी, की लिहिताना काकु नसतो. कागदाला आवाज नाही. म्हणून लिहिलेल्या उपरोधात वाचकाने आवाज आपल्या पदरचा घालायचा असतो. त्यासाठी लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात आधीपासून काही समजूत असावी लागते. ही समजूत नसलेला तिसरा माणूस मध्ये आला की काय होतं? आपल्याकडे याचं उत्तर थेट न्यायालयात मिळालं. तो भाग जरा तपशिलात बघू.

हिंदुस्थानच्या दंडसंहितेत राजद्रोहाचं १२४-अ कलम १८७० मध्ये घातलं गेलं. १५ जून १८९७च्या ‘केसरी’त शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली. महाराज परत येऊन देशाची अवस्था पाहतात आणि व्यथित होतात, अशी कल्पना. खाली लेखकाचं नाव नाही, खूण भवानी तलवारीची. त्याच अंकात शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त होता. पुण्यात तेव्हा प्लेगचे दिवस होते. आठवड्याभरात, २२ जूनला, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मग टिळकांवर खटला झाला आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

एकाने बोलायचं आणि रोख दुसऱ्यावर ठेवायचा, याला आपण अन्योक्ती म्हणतो. लेकी बोले सुने लागे. काटेकोर व्याख्या लावली तर ही कविता अन्योक्ती ठरणार नाही, पण जात तीच. सतराव्या शतकातला राजा बोलतोय, त्याने इंग्रजांच्या व्हाइसरॉयचं नाव घेतलेलं नाही. मग लागलं कोणाला? ज्याला लागायचं त्याला बरोबर लागलं.

आता या खटल्याकडे साहित्याचे विद्यार्थी म्हणून बघा. बचाव पक्ष कुठे उभा असतो? वाच्यार्थावर. शब्द बघा, त्यात राजद्रोह कुठे आहे? आणि सरकारी वकिलाला काय सिद्ध करावं लागतं? व्यंग्यार्थ. शब्दात नसलेलं, पण वाचकाच्या मनात उमटणारं. म्हणजे न्यायालयात आनंदवर्धनाचा खरा अनुयायी कोण ठरला, तर सरकार! (हशा) आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सरकार अगदीच चुकीचं वाचत नव्हतं. कवितेतून काहीच सुचत नव्हतं, असं म्हणणं हा त्या कवितेचाच अपमान होईल. वाचकांना ते सुचावं म्हणूनच ती छापलेली होती. उपरोधाने लिहिणाऱ्याची ही जुनी कोंडी आहे. वाचकाला कळलं पाहिजे आणि कायद्याला कळता कामा नये. पण कायदाही कधीकधी चांगला वाचक निघतो.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कायदा समजावताना एका शब्दाचा अर्थ लावला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कलमात शब्द होता ‘डिसअफेक्शन’, म्हणजे अप्रीती. स्ट्रॅची म्हणाले, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. झालं! आपले संस्कृतचे विद्यार्थी इथे लगेच हात वर करतील. ‘अ’ हा उपसर्ग नुसता अभावच दाखवतो असं नाही. ‘अमित्र’ म्हणजे जो मित्र नाही तो, असं म्हटलं तर रस्त्यावरचा प्रत्येक अनोळखी माणूस अमित्र होईल. अमित्र म्हणजे शत्रू. तसंच अप्रीती म्हणजे वैर, की नुसतं प्रेम नसणं? प्रेम नसणं हाच गुन्हा ठरला, तर सरकारवर मनापासून प्रेम करणारा माणूस शोधायचा कुठे? एका उपसर्गातली रिकामी जागा न्यायाधीशांनी भरली आणि कलम केवढं तरी पसरलं. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कायद्यात दुरुस्ती करून वैरभाव आणि बेइमानी यांचा त्या शब्दात स्पष्ट समावेश करण्यात आला.

१९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा खटला झाला. या वेळी ज्युरीत ७ युरोपीय आणि २ पारशी. मूळ लेख मराठी, ज्युरीपुढे आलं ते इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, कित्येक तास बोलले, आणि त्यांचा एक मोठा आक्षेप भाषांतरावरच होता. एखाद्या शब्दाला मराठीत जी धार आहे त्यापेक्षा तीव्र शब्द इंग्रजीत घातला, की लेखाचा सगळा स्वर बदलतो. काकु आधीच हरवलेला, वर भाषाही बदललेली. आनंदवर्धनाने व्यंग्यार्थ कळायला ‘सहृदय’ वाचक लागतो असं म्हटलं होतं. इथे अर्थ ठरवणाऱ्यांपुढे मूळ भाषाच नव्हती. सात विरुद्ध दोन असा कौल झाला. सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला जावं लागलं.

त्याच वर्षी आणखी एका संपादकाला शिक्षा झाली, १९ महिन्यांची. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे. ‘काळ’ साप्ताहिक १८९८ मध्ये सुरू झालं, आणि मराठीत वक्रोक्ती हे शस्त्र म्हणून सर्वांत जास्त कोणी परजलं असेल तर ते परांजप्यांनी. त्यांची रीत साधारण कशी, हे दाखवायला आम्हीच एक वाक्य तयार केलं आहे, ते त्यांच्या माथी मारू नका : ‘सरकारने आमच्या शेताचा भार कमी केला, आमच्या खिशाचा भार कमी केला, आता आमच्या डोक्याचा भारही कमी करण्याची कृपा होते की काय, या आनंदाने आम्हांस झोप येत नाही.’ वरून स्तुती, आतून निंदा. पुस्तकात याला व्याजस्तुती म्हणतात. पण नाव सांगून आपण थांबलो तर महत्त्वाचं निसटतं. या वाक्यात ‘सरकार लुटतंय’ हे कुठेच लिहिलेलं नाही. ते वाचकाने म्हटलेलं आहे. लेखक आणि वाचक मिळून ते वाक्य पुरं करतात, आणि पुरं केल्यावर वाचकही थोडा गुन्ह्यात सामील होतो. त्या काळातल्या माणसाला ही सामिलकी फार मोलाची वाटली असणार. एकट्याने वर्तमानपत्र वाचतानाही आपल्यासारखे आणखी कोणी आहेत, हे त्यातून कळत होतं.

टीका म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. आज ‘काळ’मधले निबंध सलग वाचायला घेतले तर थकायला होतं. प्रत्येक गोष्टीवर उपरोध, अलंकारांची रेलचेल, लांबच लांब वाक्यं. उपरोधाची सवय लागली की वाचकाला उत्तर आधीच माहीत असतं. मग रिकामी जागा रिकामी उरत नाही, तिथे छापील उत्तर चिकटवलेलं असतं. खुबीची ढब झाली की तिचा जोर जातो. हे परांजप्यांबद्दल म्हणताना आजच्या उपरोधिक सदरांबद्दलही म्हणायला आमची हरकत नाही.

इथवर आपण पाहिलं ते दुबळ्याच्या हातातल्या खुबीचं उदाहरण. सरळ बोललं तर तुरुंग, म्हणून वाकडं बोलायचं. आता उलट बाजू. बलवान माणूस, सत्ता, कचेरी, यांना वाकडं बोलायची गरज काय? तरी ते बोलतात. आणि त्यांच्या अलंकारांची नावं आपल्या यादीत नाहीत, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

पहिली खुबी : ‘करण्यात आले’. आपण एक वाक्य घेऊ, काल्पनिकच. ‘काल दुपारी वस्तीतील चाळीस घरे हटवण्यात आली.’ घरं आहेत, दुपार आहे, चाळीस हा आकडा आहे. कोणी हटवली? व्याकरणात ‘कडून’ लावून होणारा नवीन कर्मणी प्रयोग आपण शिकलो, इंग्रजीच्या वळणावर आलेला. त्यात निदान ‘कडून’च्या आधी कोणीतरी उभं असतं. इथे तेही नको. आणि ‘हटवण्यात’ हा शब्द बघा. हटवतो आपण वाटेतला दगड. घर पाडतात.

लगेच कोणी म्हणेल, प्रत्येक ‘करण्यात आले’मागे कारस्थान असतं का? अजिबात नाही. ‘सभा चार वाजता घेण्यात येईल’ यात लपवण्यासारखं काही नाही. सभा कोण घेणार हे सगळ्यांना माहीत असतं. मगाशी १८९८च्या दुरुस्तीबद्दल बोलताना आम्हीही ‘समावेश करण्यात आला’ असंच म्हणालो! (हशा) प्रश्न असा विचारायचा : गाळलेला कर्ता वाचकाला सहज सापडतो का, आणि सापडला तर कोणाची अडचण होते?

परांजप्यांच्या वाक्यातली रिकामी जागा आणि ही रिकामी जागा यांत फरक काय? परांजपे वाचकाला खुणावतात, ‘इथे काहीतरी आहे, भर.’ दुसरं वाक्य म्हणतं, ‘इथे काही नाही, पुढे चला.’ एक वाचकाला कामाला लावतं, दुसरं झोपवतं. आम्हाला वाटतं, खुबी प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायची यापेक्षा चांगली कसोटी नाही.

दुसरी खुबी आपण इतक्या वेळा वाचली आहे की ती खुबी आहे हेच विसरलो : ‘सौम्य लाठीमार’. कवितेत असे परस्परविरुद्ध शब्द शेजारी आले असते तर आपण थबकलो असतो, विरोधाभास म्हणून दोन गुण घेतले असते. बातमीत आपण थबकत नाही. सौम्य कोणाला? विशेषणाला नेहमी एक जागा असते, कुठून तरी बघून ते लावलेलं असतं. ‘सौम्य’ हे लाठी धरणाऱ्या हाताच्या बाजूने लावलेलं आहे. पाठीच्या बाजूने विचारलं असतं तर दुसरा शब्द मिळाला असता.

तिसरं उदाहरण जरा सावकाश बघू या. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त. आणि त्याच रांगेत धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणं. राहू चंद्राला ग्रासतो तेच. म्हणजे या शब्दात एक रूपक दडलेलं आहे, वापरून वापरून झिजलेलं. पूर, दुष्काळ, भूकंप यांनी माणसाला गिळलं, ठीक. ते कोणी ठरवून आणत नाही. पण धरण? त्याचा नकाशा असतो, अंदाजपत्रक असतं, मंजुरी असते, खाली सह्या असतात. ‘धरणग्रस्त’ म्हटलं की धरण निसर्गाच्या रांगेत जाऊन बसतं आणि सह्या पुसल्या जातात. १९९९च्या पुनर्वसन कायद्याच्या नावात ‘प्रकल्पबाधित’ असा शब्द आहे. बाधा म्हटलं की आपल्याला विषबाधा आठवते, भूतबाधा आठवते. (हशा) इथेही बाधा करणारा दिसत नाही.

पण भाषा सरकारच्या एकटीच्या मालकीची नसते. ज्यांना हा शब्द चिकटवला त्यांनीच तो उचलला, मोर्च्याच्या फलकावर लिहिला, ‘आम्ही धरणग्रस्त’ म्हणून हक्क मागितला. आणि त्यांनी दिलेली घोषणा ऐका : ‘आधी पुनर्वसन, मग धरण.’ उपमा नाही, रूपक नाही, उपरोध नाही. फक्त शब्दांचा क्रम आहे. पण सगळं म्हणणं त्या क्रमातच आहे, आणि हा क्रम कोणी उलटा केला, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. जाता जाता आठवण करून देतो, मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहात हेच शिवरामपंत परांजपे सहभागी झाले होते. वक्रोक्तीचा एवढा मोठा लेखक, शेवटी सरळ जाऊन उभा राहिला.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : मग शाळेत अलंकार ओळखायला शिकवूच नये का?

उत्तर : शिकवावं. नाव माहीत असलं की वस्तू दिसायला लागते, हे खरंच आहे. आमची विनंती एवढीच, की दोन गुणांच्या त्या प्रश्नाखाली आणखी एक ओळ घालावी : ‘या वाक्यात काय सांगितलेलं नाही?’ आणि उतारा नेहमी कवितेचाच नसावा. एखादी जाहिरात द्यावी, शासकीय सूचना द्यावी, सोसायटीची नोटीस द्यावी. मुलं आपल्यापेक्षा लवकर पकडतात. घरी ‘काच फुटली’ असं म्हणणारी तीच असतात, ‘मी फोडली’ असं नाही. (हशा) त्यांना ही खुबी आतून माहीत आहे.

प्रश्न : मी बातमीदार आहे. आम्हाला प्रेसनोट येते, वेळ कमी असतो, कर्ता खरोखरच माहीत नसतो. मग ‘हटवण्यात आली’ नाही लिहायचं तर काय लिहायचं?

उत्तर : हा प्रश्न आजच्या विषयातला सर्वांत अवघड आहे, आणि तुमच्यावरची घाई आम्हाला समजते. कर्ता माहीत नसेल तर तो आपल्या मनाने घालू नका, ते वाईटच. पण एक वाक्य जास्त लिहिता येईल : ‘ही कारवाई कोणाच्या आदेशाने झाली, हे प्रेसनोटमध्ये म्हटलेले नाही.’ जागा तुम्हाला भरता येत नसेल तर नका भरू. ती रिकामी आहे, एवढं छापा. उद्या कोणीतरी वाचक ती भरायला निघेल.

वेळ संपली. पुढच्या व्याख्यानात म्हणींवर बोलू. येताना आपापल्या घरातली, पुस्तकात न सापडलेली एकेक म्हण घेऊन या.